भिंतीवरून उतरवलेला फोटो

संपादकांनी पत्रात दोन अटी घातल्या आहेत. अनुभव खरा असावा, आणि तो वाचकाला उमेद देणारा असावा. दोन्ही अटी एकाच लेखात सांभाळायच्या म्हटलं तर मला बरंच काही गाळावं लागेल. तेव्हा पहिली पाळते. दुसरीचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

हे लिहायला बसण्याचं कारण असं की मागच्या वर्षी मुंबईहून एक मुलगी मला शोधत महाडला आली. कसल्याशा अभ्यासासाठी ती माहिती गोळा करत होती. बोलायला गोड. म्हणाली, "आजी, तुम्ही ऐंशीच्या दशकात पोलादपूरच्या अनाथ मुलींना फोटोग्राफी शिकवून हील करत होतात ना?" मी तिला चहा दिला आणि सांगितलं, बाळा, मी कुणालाही बरं-बिरं केलेलं नाही. मी त्या मुलींना फोटो पक्का करणारं हायपोचं पाणी कसं करायचं ते शिकवलं. आणि त्यातल्या एकीला आधी मीच दुखवलं होतं, ते लिहून घेणार असशील तर पुढचं सांगते. तिने मान डोलावली, पण पेन काही हलवलं नाही. तिला हवं होतं ते वेगळं होतं. म्हणून आता मीच लिहिते.

माझा स्टुडिओ महाडच्या बाजारपेठेत होता. खरं म्हणजे यजमानांचा. ते काविळीने गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि तेरावा व्हायच्या आत सासरची मंडळी कॅमेरे कुणाला विकायचे त्याची चर्चा करायला लागली होती. मी म्हटलं, विकायचे नाहीत, दुकानात मी बसते. बाईमाणूस काय फोटो काढणार म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की आधीची सात वर्षं दुकानातले निम्मे फोटो डार्करूममध्ये मीच धूत होते. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचं काम तर सगळं माझंच. महाडातले कितीतरी चेहरे भिंतीवर गुळगुळीत दिसतात ते माझ्या पेन्सिलीमुळे.

बाई असण्याचा फायदाही झाला. मोहल्ल्यातल्या ज्या बायकांचे नवरे मस्कत-कुवेतला होते त्यांना पासपोर्टचे फोटो लागत, आणि पुरुष फोटोग्राफरपुढे बसायला त्या तयार नसत. मला घरात बोलावत, खायला घालत, आणि मग निवांत डोक्यावरचा पदर सारखा करून बसत. फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं असं लोकांना वाटतं. बटण कुणीही दाबेल. खरं काम त्याच्या आधीचं, समोरच्याच्या चेहऱ्यावर हवा तो भाव आणायचा. मूल हसत नसलं तर मी डोक्यावर पावडरचा डबा ठेवून तो पाडायची. नवरी रडून रडून सुजली असेल तर नवऱ्याच्या कानांबद्दल तिच्या कानात काहीतरी सांगायची. कुणालाही पाच मिनिटांत हसवणारी बाई, अशी माझी ख्याती होती. रडवताही येतं, हे मला पोलादपूरला कळलं.

पोलादपूरच्या पुढे महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला मुलींची एक संस्था होती. नाव लिहीत नाही. ती चालवणारे चिटणीस वारले, संस्थाही बंद झाली. तीस-पस्तीस मुली असायच्या. मुलींची संस्था म्हणून फोटोला बाई हवी, म्हणून मी. दर वर्षी गणपतीच्या आधी मला बोलावणं यायचं. देणगीदारांना दिवाळीत जे पत्रक पाठवायचे त्यासाठी फोटो.

या मुलींना गणवेश होते. निळे, साधे, धड. पण पत्रकाच्या दिवशी कोठीच्या खोलीतून एक ट्रंक बाहेर यायची. तिच्यात फाटके फ्रॉक होते. धुऊन, घड्या घालून, वर्षभर जपून ठेवलेले फाटके फ्रॉक. मुलींनी गणवेश उतरवून ते घालायचे, वेण्या सोडायच्या आणि ओळीने माझ्यासमोर यायचं. चिटणीस शेजारी उभे राहून सांगत, "हसू देऊ नका हो बाई. हसऱ्या मुलींना मदत कोण करणार?"

यावर मी काय केलं असेल? तीन वर्षं निमूटपणे फोटो काढले. एवढंच नाही, एका पोरीला मी म्हटल्याचं मला लख्ख आठवतं, "जरा डावीकडे वळ गो, बाहीचं भोक दिसत नाही." फोटो चांगला आला पाहिजे ना. धंद्यातला माणूस असाच आंधळा होतो, आणि त्याला वाटत असतं की आपल्याइतकं कुणालाच दिसत नाही.

चौथ्या वर्षी वनिता समोर आली. अकरा वर्षांची, शिवथरच्या खोऱ्यातली, जूनमध्येच संस्थेत दाखल झालेली. ट्रंकेतला फ्रॉक तिला आखूड होत होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि सरळ लेन्सकडे बघायला लागली. रडेना, हसेना, खालीही बघेना. दोन फोटो फुकट गेले. चिटणीस घड्याळ बघायला लागले. मला नवीन पोरींचं गुपित ठाऊक होतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि आवाज मऊ करून विचारलं, "वनिता, तुझी आई कुठाय गो?"

तिने तोंड उघडलं. चिटणिसांकडे बघितलं. तोंड मिटलं. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि डोळे वाहायला लागले. मी बटण दाबलं. चिटणीस म्हणाले, "वा बाई." आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं.

पुढे सव्वीस जानेवारीला झेंड्याखालचा ग्रुप फोटो काढायला गेले. मुली रांगेत उभ्या केल्या, काळ्या कापडात डोकं घातलं, तर मागच्या रांगेत एक पाठ दिसली. वनिता पाठमोरी उभी होती. मी हाक मारली. ती वळली नाही. शांता नावाची एक मोठी मुलगी होती, पंधरा वर्षांची, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "ती नाय वळायची बाई. ती बोलत पन नाय आता. दिवालीपासनं."

मी कारण विचारलं तर शांताने आत जाऊन पत्रक आणून माझ्या हातात दिलं. मी फोटो देऊन मोकळी होत असे, छापलेलं पत्रक कधी वाचलं नव्हतं. पहिल्या पानावर वनिता रडत होती. खाली ठळक अक्षरांत ओळ होती, 'हिला या जगात कुणीही नाही.' ते पत्रक पोलादपूरच्या स्टँडवर चिकटवलं होतं, चहाच्या हॉटेलात होतं, शाळेतही होतं. वर्गातल्या पोरी तिला त्या ओळीनेच हाक मारायला लागल्या होत्या.

शांता आवाज खाली करून म्हणाली, "आनि बाई, तिला आय हाय. म्हयन्याच्या शेवटच्या रयवारी येते. हितं तिला मावशी म्हनायला लागतं."

मी त्या मुलीला नेमकं काय विचारलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मेलेल्या आईची आठवण काढून रडवलं असतं तरी वाईटच. पण हिला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायची बंदी होती. बंदी घालणारा शेजारीच उभा होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

मी तडक चिटणिसांच्या खोलीत गेले. ते रागावले नाहीत. त्यांची माणसं समजावून सांगण्याची पद्धत होती. म्हणाले, "बाई, आईबाप दोन्ही नसलेल्याच मुली घ्यायचा आमचा नियम आहे. बाप पळून गेला, आई एमआयडीसीत बांधकामावर घमेली उचलते. मुलगी तिच्याबरोबर खडीत फिरत होती. मीच तिला मार्ग दाखवला. मावशी म्हणून अंगठा करा, म्हटलं. आज पोर शाळेत जाते. मी उपकार केले की अपकार?"

यातलं निम्मं खरं होतं म्हणूनच मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. त्या पोरीला त्यांनी खडीतून उचललं होतं हे खरं. पण त्यासाठी तिची आई कागदावर मारली, आणि मग आई मेलेली पोर म्हणून तिचा चेहरा गावोगाव चिकटवला. उपकार करायचा आणि वर त्याच्यावर जगायचं. मी हे त्यांना असं नीट म्हटलं नाही. मी दात-ओठ खाऊन परत आले, आणि एसटीत बसल्यावर मला काय बोलायला हवं होतं ते सुचत राहिलं.

पुढच्या रविवारी मी यजमानांचा जुना डबा कॅमेरा घेऊन गेले. बारा फोटोंचा रोल, वरच्या काचेत वाकून बघायचं, बाजूची कळ दाबायची, संपलं. वनिता विहिरीजवळ भांडी घासत होती. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. म्हटलं, "घे. आता तू माझा काढ."

तिने हात फ्रॉकला पुसले. कॅमेरा पोटाशी धरून कितीतरी वेळ काचेत वाकून बघत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "रडा."

"काय?"

"रडा ना. मंग काढते."

तीन महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली होती. मी रडायचा प्रयत्न केला. मेलेला नवरा आठवून बघितला, आई आठवून बघितली. रडू येईना. ऊन होतं, घाम आला, भांड्यांवरच्या बाकीच्या मुली टक लावून बघायला लागल्या. वनिता म्हणाली, "नाय ना येत? मला पन येत नव्हतं."

मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. म्हटलं, "चुकलं माझं." जरा वेळाने कळ दाबल्याचा आवाज आला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी रडत नाहीये, पण बघण्यासारखीही दिसत नाहीये.

असा तो वर्ग सुरू झाला. पाच-सहा महिने दर रविवारी मी पहिल्या एसटीने पोलादपूरला जायची. चिटणिसांनी परवानगी दिली, कारण अहवालात 'हस्तकला' या सदरात काहीतरी लिहायला मिळत होतं. कोठीच्या खोलीची खिडकी घोंगड्यांनी बंद केली, लाल बल्ब लावला, तीन थाळ्या मांडल्या. पहिल्या थाळीत डेव्हलपर, दुसरीत साधं पाणी, तिसरीत हायपो. फिल्म लाल उजेडातही खराब होते, म्हणून रोल मी महाडला धुऊन आणायची. फोटोचा कागद मात्र लाल उजेड सोसतो. निगेटिव्ह कागदावर ठेवायची, पांढरा दिवा मोजून तीन आकडे लावायचा, आणि कागद पहिल्या थाळीत सोडायचा. आधी काहीच दिसत नाही. मग केस येतात, भुवया येतात, आणि मग माणूस.

त्या खोलीत मुली बोलायच्या. याला उपचार म्हणायचं तर म्हणा, पण मला त्यात काही जादू दिसली नाही. लाल उजेडात एकमेकींचे चेहरे धड दिसत नाहीत, हात कामात असतात, आणि बघायला समोर थाळी असते. 'बोल, तुझं दुःख सांग' म्हणून कुणी तोंडासमोर बसलेलं नसतं. एवढं पुरतं. पोर कागद हलवता हलवता सांगून टाकते, आणि बाकीच्या 'हायपोत टाक आता' म्हणतात.

बेबी म्हणून एक आठ वर्षांची होती. तिचा बाप तिला कोंडून ठेवायचा, एवढंच मला माहीत होतं. तिच्या पहिल्या रोलमध्ये बारापैकी आठ फोटो दारांच्या कड्यांचे निघाले. मी म्हटलं, "बेबी, माणसांचे काढ गो." ती म्हणाली, "आतनं कडी हाय काय, ते बगते." दोन महिन्यांनी तिने एक सताड उघडं दार काढलं. मुंबईच्या त्या मुलीने यावर पानभर लिहिलं असतं. मी बेबीला सांगितलं की फोटो काळा पडलाय, दुपारी काढत जा. शांताने तर जेवणानंतर खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले चिटणीस काढले. दातांतला पानाचा तुकडासुद्धा स्पष्ट आला होता. तो फोटो आम्ही थाळीत तीनदा छापला. इतक्या हसलो की अधीक्षिकाबाई दार वाजवायला आल्या.

आणि वनिता. तिचा हात मुळात स्थिर होता. श्वास रोखून कळ दाबायची हे मी एकदाच सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. कोठीत ती बोलायला लागली, मग बाहेरही लागली. फक्त स्वतःचा फोटो कुणाला काढू देत नसे, आणि मी ते कधी मागितलंही नाही.

एका शेवटच्या रविवारी तिची आई आली. भागाबाई. हायवेपासून चालत आली होती, पायांवर सिमेंटचा पांढरा थर. मला फोटोवाल्या बाई म्हणून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "मी मावशी तिची." मी म्हटलं, मला माहीत आहे सगळं. तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "धाव्वी होऊ दे बाई हिची. मंग सगल्यांना सांगन मी आय म्हनून. तवर काय बी म्हनूदेत." तिचं सगळं गणित एवढंच होतं. दहावीपर्यंत पाच वर्षं. तोवर मुलगी इथे राहिली पाहिजे.

वनिताने कॅमेरा आणला. भागाबाईचा जन्मात फोटो निघाला नव्हता. ती लाजली, पुढचा पडका दात झाकायला तोंडावर हात घेतला. वनिता काचेत वाकली होती. ती ओरडली, "हात काड ना गो आये." संस्थेच्या आवारात, भर दुपारी, तिच्या तोंडून 'आये' गेलं. भागाबाईने दचकून इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही असं बघितलं आणि खुदकन हसली. कळ तेव्हाच दाबली गेली होती.

मी आयुष्यात हजारो चेहरे काढले. तसा एकही माझ्या हातून झाला नाही. पडका दात, कपाळावरचा घमेल्याच्या चुंबळीचा वळ, आणि चोरून मिळालेलं हसू. पापणी न् पापणी मोजून घ्यावी इतका स्वच्छ फोटो.

संस्थेच्या वर्धापनदिनाला चिटणीस म्हणाले, मुलींच्या फोटोंचं प्रदर्शन लावू, मुंबईचे पाहुणे येणार आहेत. मुली हरखल्या. बावीस फोटो निवडले, मी महाडला ते मोठे करून आणले. कुठल्या फोटोखाली काय लिहायचं ते जिचं तिने ठरवायचं, असं आमचं ठरलं होतं. वनिताने फोटोच्याच खालच्या पट्टीवर जाड शाईने दोन शब्द लिहिले, 'माझी आई.'

त्या दिवशी पाहुणे यायला अर्धा तास असताना चिटणीस भिंतीवरून नजर फिरवत आले आणि त्या फोटोपाशी थांबले. मला बाजूला घेतलं. म्हणाले, "फोटो चांगला आहे. खाली मावशी लिहा आणि राहू द्या."

मी वनिताला विचारलं. ती म्हणाली, "नाय लिवनार." चिडून नाही, साधंच. चिटणीस म्हणाले, "मग उतरवा. आई दिसली तर नियमाप्रमाणे मला तिचं नाव कमी करावं लागेल. तुमचा वर्गही बंद. बघा तुम्हीच."

मी बघितलं. बाकी एकवीस फोटो बघितले, बेबी बघितली, वर्ग बघितला, भागाबाईची पाच वर्षं बघितली. सगळी शहाणपणाची कारणं माझ्याजवळ होती. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही ती सुचली असती. मी स्टुलावर चढले, खिळ्यावरून फोटो काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला. वनिता बघत होती.

आणि तेवढ्यात भागाबाई आली. तिला यायला कुणी सांगितलं नव्हतं, पण वनिताने मागच्या खेपेला सांगितलं असणार की तुझा फोटो भिंतीवर लागणार. खाडा करून, धुवट लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. पाहुणे एका टोकाने फोटो बघत होते, ती दुसऱ्या टोकाने. प्रत्येक फोटोसमोर थांबायची आणि पुढे सरकायची. रिकाम्या खिळ्याखाली येऊन पुन्हा पहिल्यापासून बघून गेली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, माजा फोटू कंचा?"

आमच्या धंद्यात एक खोटं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. फोटो आमच्या चुकीने बिघडला, रोलला उजेड लागला, काहीही झालं की गिऱ्हाइकाला सांगायचं, हलला. गिऱ्हाईक ओशाळतं आणि वाद मिटतो. माझ्या तोंडून ते सवयीने बाहेर पडलं. मी म्हटलं, "तो हलला हो. नीट आला नाही."

भागाबाई ओशाळली. म्हणाली, "मीच हललं असन. मला काय कलतंय."

वनिता शेजारी उभी होती. इतके महिने मी तिला शिकवलेलं एकुलतं एक कसब तिच्या हातात होतं, आणि मी तिच्या आईला सांगत होते की ते तिला जमलं नाही. ती म्हणाली, "हलला नव्हता." माझ्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत तिने हात घातला, फोटो काढला आणि आईच्या हातात दिला. "बग. कुटं हललाय?"

पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई हे बघत होत्या. त्या जवळ आल्या, खालची अक्षरं वाचली आणि भागाबाईला विचारलं, "तुम्ही हिची आई?"

चिटणीस चार पावलांवर होते. भागाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या हातात स्वतःचा हसरा फोटो होता. ती म्हणाली, "नाय. मावशी हाय मी."

वनिता म्हणाली, "आय हाय माजी ती. खोटं बोलते. तिला खोटं बोलायला लावलंनी." आणि चिटणिसांकडे बोट केलं.

सोहळा पार पडला. चिटणिसांनी हसून काहीतरी सांगितलं, आईची माया शोधणारी बालमनं वगैरे. पाहुण्यांना ते पटलं, कारण त्यांना ते पटवून घ्यायचंच होतं. त्या वयस्क बाईंनीही पुढे चौकशी केली नाही. तीन आठवड्यांनी शांताने मला सांगितलं की वनिताचं नाव काढलं, उद्या सकाळी आई न्यायला येणार. मी चिटणिसांच्या खोलीत गेले. या वेळी सगळं बोलले, आवाज चढवून बोलले. त्यांनी भागाबाईच्या अंगठ्याचा कागद काढून दाखवला. म्हणाले, "लबाडी त्यांनी केली आहे. मला संस्था चालवायची आहे." स्वतः सांगून घेतलेला अंगठा ते लबाडीचा पुरावा म्हणून दाखवत होते. माझा वर्ग त्याच दिवशी संपला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने पोलादपूरच्या स्टँडवर गेले. मायलेकी बाकावर बसल्या होत्या, मध्ये पत्र्याची पेटी. भागाबाई बिरवाडीच्या बाजूला कामावर होती, तिथेच घेऊन चालली होती. शाळेचं विचारलं तर म्हणाली, बघू. ती माझ्यावर रागावली नव्हती, आणि ते मला सोसवत नव्हतं.

आमच्याकडे निगेटिव्ह गिऱ्हाइकाला देत नाहीत. प्रत द्यायची, निगेटिव्ह स्टुडिओची. यजमानांनी कधी दिली नाही, मी कधी दिली नाही. त्या दिवशी मी आईच्या फोटोची निगेटिव्ह पाकिटात घालून आणली होती. वनिताच्या हातात दिली. तिने ती कडेने धरून बाहेर काढली, उजेडाकडे करून बघितली, पुन्हा पाकिटात ठेवली आणि पेटीत अगदी तळाशी घातली. मग म्हणाली, "आनि ती? मी रडते ती?"

मी म्हटलं, "ती माझ्याकडे नाही. चिटणिसांकडे आहे."

"तुमी निगेटिव्ह देत नाय ना कुनाला?"

"त्यांनी मागितली. पुन्हा पुन्हा छापायला लागेल म्हणाले. मी दिली."

तिने थोडा विचार केला. तक्रारीच्या सुरात नाही, शिकताना विचारायची तसं विचारलं, "मला का नाय इचारलात?"

गाडी लागली. भागाबाईने पेटी उचलली, वनिताने तिच्या दुसऱ्या हाताला धरलं, आणि दोघी चढल्या. पुढे मी दोनदा बिरवाडीला जाऊन आले. काम संपून मुकादम माणसं दुसरीकडे घेऊन गेला होता, कुठे ते कुणाला सांगता आलं नाही. पुढच्या दिवाळीच्या पत्रकावर पुन्हा वनिताच होती, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. नवीन फोटो काढायला मी गेले नाही, पण त्यांना त्याची गरजच नव्हती.

तिच्या प्रश्नाला मी स्टँडवर उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. माझ्या दुकानाला बाजाराच्या बाजूने काच होती. तिच्यात चांगले आलेले फोटो लावायचे, म्हणजे येणारी-जाणारी बघतात. व्यापाऱ्याच्या मुलीचा, मास्तरांच्या मुलीचा, डॉक्टरांच्या मुलीचा फोटो तिथे लावायचा असला की मी आधी त्यांच्या घरी जात असे. चहा घेत असे. आईवडिलांना विचारत असे, आणि मुलगी मोठी असेल तर तिलाही. एकदा एका मुलीने मागाहून नको म्हटलं, तर मी काचेत लावलेला फोटो त्याच मिनिटाला काढून घेतला होता. वनिताला विचारायचं मी विसरले नव्हते. तिला विचारायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं.